मोतीबिंदू थांबतो, बाकीचे आजार थांबत नाहीत

दिवाळी सरली, कापसाची वेचणी अर्ध्यावर आली की खान्देशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, नेत्रशिबिरांचा हंगाम सुरू होतो. चोपड्यापासून चाळीसगावपर्यंत आणि साक्रीपासून शहाद्यापर्यंत चौकाचौकांत फलक लागतात: मोफत नेत्रतपासणी, मोफत मोतीबिंदू शस्त्रक्रिया, जाण्यायेण्याची व जेवणाची सोय. त्यामागोमाग तोच वाद दरवर्षी नव्यानं पेटतो. एक बाजू म्हणते, ही मतांची पेरणी आहे. म्हाताऱ्यांना गाडीत भरून नेतात, फोटो काढतात आणि नंतर कोणी विचारत नाही. दुसरी बाजू म्हणते, तुम्ही घरात बसून बोलता, आम्ही निदान शे-दोनशे माणसांना दृष्टी तरी दिली. दोन्हीकडे आवेश भरपूर आहे, दोघांची उदाहरणंही खरी आहेत. पण भांडण ज्या प्रश्नावर चाललंय तो प्रश्नच मला दुय्यम वाटतो.

माझं म्हणणं असं आहे. शिबिर मोतीबिंदूला चालतं, कारण मोतीबिंदू थांबतो. या महिन्यात नाही जमलं तर पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया होते, भिंग बसतं आणि बहुतेकांची गेलेली नजर परत येते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. शुगरमुळे पडदा खराब होऊन गेलेली बरीचशी नजर परत येत नाही. बुबुळावर व्रण होऊन फूल पडलं की ते तिथेच राहतं. लहान मुलाचा एक डोळा आळशी पडला, तर सात-आठ वर्षांच्या वयानंतर त्याला कामाला लावणं फार अवघड होऊन बसतं. यातला कोणताही आजार शिबिराच्या तारखेची वाट पाहत नाही. त्यासाठी तालुक्याच्या गावी, वर्षभर, ठरलेल्या वारी डोळा तपासणारं माणूस लागतं. ते माणूस आपल्या तालुक्यात आहे का, त्याच्यापाशी यंत्रं आहेत का आणि ती चालू आहेत का, यावर आपण भांडायला हवं.

आधी शिबिरवाल्यांचं देणं मान्य करतो, आणि ते मोठं आहे. भारतानं १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा असा देशव्यापी कार्यक्रम हाती घेणारे देश जवळपास नव्हतेच. २००६-०७ च्या पाहणीत अंधत्वाचं प्रमाण सुमारे एक टक्का होतं. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ते ०.३६ टक्के भरलं. मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या बदलली हे खरं, पण तो फरक वजा केला तरी घट उरतेच. ती घडवून आणणाऱ्यांत खेड्यापाड्यांत जाऊन माणसं गोळा करणारे कार्यकर्ते आहेत, डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारखे आदिवासी पाड्यांपर्यंत पोचलेले शल्यचिकित्सक आहेत, आणि मदुराईला १९७६ मध्येच अकरा खाटांवर सुरू झालेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामीही आहेत. शस्त्रक्रिया स्वस्त करता येते, भिंग देशात बनवता येतं, हे या लोकांनी दाखवलं. शिवाय त्याच सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या माणसांच्या अंधत्वाचं ६६.२ टक्के कारण मोतीबिंदू हेच निघालं. तेव्हा मोतीबिंदू हा आता जुना प्रश्न झाला, असं म्हणणाऱ्याशी मी सहमत नाही. रोज कोणीतरी साठीत पोचतं आणि रोज नवा मोतीबिंदू होतो; एखादा जिल्हा कायमचा मोतीबिंदूमुक्त होऊ शकत नाही.

टीकाकारांचाही एक मुद्दा जड आहे. २०१४ मध्ये पंजाबातल्या गुरुदासपूर जिल्ह्यात आणि २०२१ मध्ये बिहारच्या मुजफ्फरपूरला सामूहिक शस्त्रक्रियांनंतर जंतुसंसर्ग होऊन गोरगरिबांचे डोळे गेले. दिसायचं म्हणून गेलेला माणूस डोळा गमावून आला, यापेक्षा मोठा विश्वासघात कोणता? पण याचा अर्थ शिबिरं बंद करा असा होत नाही. शाळेच्या वर्गात किंवा मांडवात शस्त्रक्रिया करायची नाही, शिबिरात फक्त तपासायचं आणि शस्त्रक्रिया कायमच्या शस्त्रक्रियागृहात करायची, हा नियम आहे आणि आपल्याकडची बहुतेक शिबिरं तो पाळतात. मग उरतो तो हिशेबाचा प्रश्न. किती शस्त्रक्रिया केल्या हे फलकावर येतं. सहा आठवड्यांनी किती जणांना तक्त्यावरच्या खालच्या ओळी वाचता आल्या, हे कुठे छापलेलं मी पाहिलेलं नाही. २०२१ च्या जागतिक आरोग्य सभेनं २०३० साठी जे लक्ष्य ठरवलं, त्यात शस्त्रक्रियांच्या संख्येला महत्त्व नाही. शस्त्रक्रियेनंतर चांगलं दिसू लागलं अशांचं गरजूंमधलं प्रमाण तीस टक्के-अंकांनी वाढवायचं, असं ते लक्ष्य आहे. आपल्या आयोजकांनी तेवढा एक आकडा जाहीर केला तरी निम्मा वाद मिटेल.

आता शिबिराला जे दिसत नाही तिकडे येऊ. शिबिराच्या टेबलाशी थोडा वेळ उभं राहून पाहा. रांग मोठी, वेळ कमी. बॅटरीचा झोत डोळ्यावर पडतो, पापणी वर होते, कागदावर खूण होते. मोतीबिंदू असेल तर गाडीत, नसेल तर ‘तुम्हाला काही नाही, या’. हे ‘काही नाही’ मला सगळ्यात घातक वाटतं. पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याला काचबिंदू असेल तर तो तक्त्यावरची शेवटची ओळही वाचून दाखवू शकतो, कारण काचबिंदू कडेनं नजर खात येतो आणि मधली नजर शेवटपर्यंत राहते. दुखत नाही, लाल होत नाही. डोळ्यातला दाब मोजला आणि भिंगातून मागच्या नसेकडे पाहिलं तरच तो सापडतो. शुगरचंही तसंच. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या फुटू लागल्या तरी माणसाला कित्येक महिने काही जाणवत नाही. जाणवतं तेव्हा लेसरची वेळ टळून गेलेली असते. म्हणून शुगरवाल्यानं दरसाल बाहुली मोठी करणारं औषध घालून पडदा तपासून घ्यायचा असतो, दिसत असलं तरी. ज्या माणसाला शिबिरात ‘काही नाही’ सांगितलं, तो पुढची पाच वर्षं कशाला कुठे जाईल? त्याच्या लेखी डोळे तपासून झालेले असतात.

खान्देशापुरती याहून जवळची एक गोष्ट आहे आणि तिच्यावर कोणीच बोलत नाही. आपल्याकडे मार्चपासून ऊन चढतं; जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जाऊन भिडतो. हवा कोरडी, वर धूळ. या दिवसांत पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांमध्ये, त्यातही मुलग्यांमध्ये जास्त, डोळ्यांची एक ॲलर्जी उसळते. डॉक्टर तिला व्हर्नल म्हणतात. डोळे लालभडक, खाज इतकी की पोरगं मनगटानं डोळा चोळत राहतं, दोऱ्यासारखी चिकट घाण येते, उजेडात डोळा उघडवत नाही. बाप मोटारसायकल काढतो आणि मेडिकलवर जातो. काउंटरवरून तीस-चाळीस रुपयांची बाटली मिळते. त्यात डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोन असतं, म्हणजे स्टेरॉइड. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र. घरात सगळे खूश. बाटली फडताळात राहते, त्रास उलटला की पुन्हा घालतात, पुढच्या उन्हाळ्यात त्याच नावाची नवी आणतात. शेजारच्या पोरालाही तीच सांगतात.

स्टेरॉइडचा थेंब हे चांगलं औषध आहे, योग्य हातात. पण महिनोन्‌महिने घातलं तर काही मुलांच्या डोळ्यातला दाब वाढतो, आणि कोणाचा वाढेल हे आधी कळत नाही. वाढलेला दाब मागची नस सुकवतो. मुलगा तक्रार करत नाही, कारण खाज थांबलेली असते. तो दाराच्या चौकटीला धडकतो, क्रिकेटमध्ये बाजूनं आलेला चेंडू त्याला दिसत नाही, मास्तर त्याला वेंधळा म्हणतात. नववी-दहावीला फळा दिसेना म्हणून डॉक्टरकडे नेतात तेव्हा नळीतून पाहावं एवढीच नजर उरलेली असते. हे औषध चिठ्ठीशिवाय विकू नये असं कायदा सांगतो. खरं तर या ॲलर्जीला पहिला उपाय थंड पाण्याच्या घड्या, टोपी, गॉगल, डोळा न चोळणं आणि स्टेरॉइड नसलेले ॲलर्जीचे थेंब हाच आहे. स्टेरॉइड लागलंच तर थोडे दिवस, दाब मोजत. चोळण्याला आवर घालणं तर फारच महत्त्वाचं, कारण सतत चोळून बुबुळाचा आकारच बिघडतो. यावर मेडिकलवाल्यांचं एक उत्तर असतं आणि ते मी हलकं मानत नाही. ते म्हणतात, रात्री आठ वाजता गावात उघडं असतं ते फक्त आमचं दुकान. माणूस रडतं पोर घेऊन आला तर आम्ही त्याला कुठे पाठवायचं? बरोबर आहे. त्यांना पाठवायला जागाच नाही, हेच तर माझं म्हणणं आहे. पण जागा होईपर्यंत निदान स्टेरॉइडचा थेंब चिठ्ठीशिवाय देऊ नका, एवढं तिन्ही जिल्ह्यांतल्या औषधविक्रेत्यांच्या संघटना आपसांत ठरवू शकतात. त्याला शासननिर्णय लागत नाही.

दुसरी गोष्ट शेतातली. कपाशीची पऱ्हाटी उपटताना काडी उसळून डोळ्याला लागते, मक्याचं पान बुबुळावरून घासतं, हरभरा काढताना टरफल उडतं. जखम केसाएवढी. माणूस पदरानं डोळा पुसतो आणि काम चालू ठेवतो. संध्याकाळी कोणी मध सुचवतं, कोणी तूप, कोणी लेकुरवाळीचं दूध. तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो. वनस्पतीनं झालेल्या जखमेत बुरशी शिरते, आणि बुरशीचा व्रण हा बुबुळाच्या सगळ्या व्रणांत चिवट. त्याला महिना-महिना तासातासानं औषध घालावं लागतं, आणि त्यात मेडिकलवरचं स्टेरॉइड पडलं तर आगीत तेल. नेपाळमधल्या भक्तपूर जिल्ह्यात एक अभ्यास झाला होता, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. गावातल्याच शिकवलेल्या स्वयंसेवकांनी असं खरचटलेले ४४२ डोळे क्लोरॅम्फेनिकॉल हे जंतुनाशक मलम लावून सांभाळले; ९६ टक्के डोळे व्रण न होता बरे झाले, आणि ज्यांना अठरा तासांच्या आत मलम लागलं त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. पुढे नेपाळातच झालेल्या मोठ्या चाचणीत मात्र स्वयंसेवक नेमलेल्या आणि न नेमलेल्या भागांत व्रणांच्या एकूण संख्येत फरक दिसला नाही. म्हणजे मलम वाटलं की काम झालं, असं कोणी समजू नये. खरचटलेलं माणूस त्याच दिवशी कोणापर्यंत तरी पोचतं का आणि चिघळलेला डोळा पुढे पाठवला जातो का, यावर सगळं अवलंबून आहे.

चुन्याचं तर विचारूच नका. तंबाखूच्या चुन्याची छोटी पुडी किंवा नळी घराघरात पडलेली असते. लहान मूल ती दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. चुना हा अल्कली आहे. आम्लापेक्षा तो वाईट, कारण तो थरामागून थर विरघळवत आत जात राहतो. अशा वेळी डोळा वाचतो तो पहिल्या काही मिनिटांत. नळाखाली किंवा तांब्यानं, पापण्या उघडून धरून, निदान अर्धा तास स्वच्छ पाणी ओतत राहायचं, पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण ओल्या कापसानं काढायचे आणि मगच गाडीत बसायचं. आधी गाडी शोधायची आणि दवाखान्यात धुवायचं, या घाईत डोळे जातात. फवारणी करताना औषध उडालं तरी हेच. कपाशी-केळीच्या आपल्या भागात प्रत्येक शाळेच्या भिंतीवर हे लिहिलेलं असायला हवं. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा काही दिवस गॉगल आणि मास्क वाटले गेले. आपल्याकडे पंचेचाळीस अंशांत प्लॅस्टिकचा गॉगल घामानं धुकट होतो आणि माणूस तो काढून टाकतो, हे वाटणाऱ्यांनी एकदा शेतात उभं राहून पाहायला हवं होतं. सकाळी लवकर फवारणी, वाऱ्याच्या दिशेनं चालणं आणि बांधावर पाण्याची भरलेली कळशी, हे त्याहून कामाचं आहे.

आणि चष्मा. चाळिशी ओलांडली की जवळचं धूसर होतं, प्रत्येकाचं होतं, आणि त्याचा इलाज आठवडे बाजारात शे-दोनशे रुपयांत मिळतो. तरी शेतमजुराला, मजुरणीला कोणी चष्मा सुचवत नाही. तिला कुठे वाचायचंय, असं धरून चालतात. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवर बसलेली बाई दिवसभर देठ खुडते आणि डागी, पांढरी पडलेली मिरची वेगळी काढते. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर सोन्याची तार सांधतो. कीटकनाशकाच्या बाटलीवरचं प्रमाण मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं, ते पन्नाशीच्या शेतकऱ्यानं वाचायचं असतं. वाचता आलं नाही तर झाकण अंदाजानं भरतो. यांना जवळचं दिसायला नको? आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या कामगारांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची चहा खुडण्याची उत्पादकता चष्मा न दिलेल्यांपेक्षा २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. बांगलादेशातल्या तशाच अभ्यासात २०२४ मध्ये उत्पन्नात ३३.४ टक्क्यांची वाढ दिसली. आपल्याकडे कापूस वेचणीची मजुरीही किलोवर असते. हातमजुरीवर जगणाऱ्या माणसाला याहून स्वस्त मदत कोणती करता येईल, मला सुचत नाही.

इथे कोणी म्हणेल, म्हाताऱ्यांचं सोडा, आता खरा धोका मोबाईलचा आहे. मुलांमध्ये लांबचं न दिसण्याचं प्रमाण वाढतंय हे खरं, आणि जवळ धरून तासन्‌तास पाहण्याचा त्यात वाटा आहे. पण उपाय म्हणून आपण काय करतो? निळा प्रकाश अडवणारा महागडा चष्मा घेतो. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात अशा चष्म्यांनी डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचा पुरावा मिळाला नाही. तैवाननं २०१० पासून शाळांत मुलांना रोज दोन तास उघड्यावर काढायला लावलं आणि तिथे वाढता आलेख वळला. आपल्याकडे उन्हाळ्यात ते दोन तास सकाळी दहाच्या आतच मिळतील, त्यामुळे शाळेची मैदानी तासिका पहिली ठेवावी लागेल. एवढं पुरे. मोबाईलवरची चर्चा शहरात भरपूर होते.

आता इतिहासातलं एक उदाहरण, कारण ही चूक आपण आधी एकदा केली आहे आणि सुधारलीही आहे. देवीच्या साथीनं या देशात असंख्य लोकांचे डोळे गेले. तोंडावर व्रण आणि डोळ्यात फूल असलेली माणसं आपल्या आजोबांच्या पिढीनं गावोगाव पाहिली. देवी निर्मूलनाचा कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला, आणि दहा वर्षं मोजदाद होत राहिली ती टोचलेल्या लशींची. आकडे कोटींमध्ये गेले, देवी हटली नाही. १९७३ नंतर पद्धत बदलली: घरोघर जाऊन रुग्ण शोधायचा, सापडला की त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना टोचायचं, खबर देणाऱ्याला बक्षीस द्यायचं. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. खुपऱ्यांचंही, म्हणजे ट्रॅकोमा या डोळ्यांच्या संसर्गाचंही, पाहा. १९६३ मध्ये नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं खुपऱ्या ही भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचं जाहीर केलं. त्यामागे मलमाइतकाच घरापर्यंत आलेल्या पाण्याचा आणि धुतलेल्या तोंडांचा हात आहे. या दोन्ही लढायांत यश आलं ते रोजचं, कंटाळवाणं, मोजता न येणारं काम कोणीतरी वर्षानुवर्षं केलं म्हणून. डोळ्यांच्या बाबतीत मात्र आपण अजून टोचलेल्या लशी मोजतोय.

सगळ्यात मोठा आक्षेप असा की डॉक्टर येणार कुठून? सातपुड्यातल्या धडगावला, अक्कलकुव्याला नेत्रतज्ज्ञ राहणार आहे का? नाही राहणार, हे मी मान्यच करतो. पण पहिल्या तपासणीला नेत्रतज्ज्ञ लागत नाही. नंबर काढणं, दाब मोजणं, पडद्याचा फोटो घेणं, काडी लागलेला डोळा ओळखणं, हे शिकलेला नेत्र चिकित्सा अधिकारी करू शकतो. ते पद आपल्या आरोग्य खात्यात आहे. टाळता येणारं अंधत्व हटवण्याच्या ‘व्हिजन २०२०’ या जागतिक मोहिमेच्या भारतीय आराखड्यात पन्नास हजार लोकसंख्येमागे एक दृष्टी केंद्र धरलं होतं. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून लोकसंख्या सुमारे ७९ लाख, म्हणजे दीडशेहून थोडी जास्त केंद्रं. तेवढी लगेच होणार नाहीत. पण तालुके पंचवीस आहेत. पंचवीस ठिकाणी, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, स्लिट लॅम्प (डोळा मोठा करून पाहायचं यंत्र), दाब मोजायचं यंत्र, पडद्याचा कॅमेरा आणि ते वापरणारा माणूस, ही मागणी अवाच्या सवा आहे का? अरविंदनं २००४ पासून तमिळनाडूच्या खेड्यांत अशी केंद्रं चालवून दाखवली: केंद्रात तंत्रज्ञ, मदुराईला डॉक्टर, मधे दूरसंवाद. आपल्याकडे तर आता तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धडगावच्या बाईच्या पडद्याचा फोटो नंदुरबारला पाहिला गेला, तर चांदसैलीचा घाट उतरून एसटीनं अर्धा दिवस घालवायचा की नाही, हे तिला घरातून निघायच्या आधी कळेल. त्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे आणि त्याचा परिणाम पडद्यावर होऊ शकतो, त्यामुळे हा कॅमेरा तिथे चैनीचा नाही.

दुसरा आक्षेप, सोय केली तरी लोक येत नाहीत. यात तथ्य आहे, आणि त्यातही बाया कमी येतात. घरात मोटारसायकल एक, ती पुरुषाच्या हाती. डोळ्याला औषध घालून बाहुली मोठी केली की चार तास धूसर दिसतं, म्हणजे सोबत कोणी हवं, म्हणजे दोघांचा रोज बुडाला. म्हातारीला विचारलं तर म्हणते, ‘आते काय करनं डोयास्नं?’ पण लोक येत नाहीत, हे वाक्य बोलणाऱ्यानं एक गोष्ट तपासावी. ते आले होते तेव्हा काय झालं? डोळ्यांचा विभाग त्या दिवशी बंद, साहेब शिबिराच्या ड्यूटीवर, यंत्र दुरुस्तीला. एकदा परत गेलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि गावातल्या आणखी दहा जणांना येऊ देत नाही. आठवडे बाजाराच्या दिवशी गावंच्या गावं तालुक्याला उतरतात; बाया भाजी घेऊन येतात, त्या दिवशी त्यांना घरी कोणाला विचारावं लागत नाही. डोळ्यांचा विभाग बाजाराच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडा ठेवा, सुट्टी दुसऱ्या वारी द्या. याला एक रुपया जादा लागत नाही.

पैशाचा आक्षेप राहिला. शिबिरासाठी देणगीदार मिळतात, पगारासाठी मिळत नाहीत, हे खरं आहे. म्हणून पगार शासनानं द्यावा आणि देणगीदारांनी जे शासनाला सुचत नाही ते करावं: जवळच्या चष्म्यांचा साठा, आशाताईंसाठी तक्ता आणि मलम, लांबच्या पाड्यावरच्या रुग्णाचं एसटीभाडं. शिबिर घ्यायचंच असेल तर त्यात तीन गोष्टी जोडाव्यात. चाळिशीपुढच्या प्रत्येकाचा दाब मोजावा. शुगर असलेल्या प्रत्येकाच्या पडद्याचा फोटो काढावा. आणि मोतीबिंदू नाही म्हणून परत पाठवलेल्या प्रत्येकाच्या हातात पुढे कधी, कुठे, कोणाला दाखवायचं याची चिठ्ठी द्यावी. त्या चिठ्ठ्यांची यादी ग्रामीण रुग्णालयात जमा करावी, म्हणजे कोण आलं नाही ते कळेल आणि आशाताईला त्याच्या घरी जाता येईल. रांग लहान होईल, दिवसाला दोनशेऐवजी ऐंशी माणसं तपासून होतील. ते चालेल.

पंचवीसही तालुक्यांत एकदम होणार नसेल तर क्रम तरी नीट लावावा. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा आधी. मग साक्रीचा पश्चिम भाग, आणि पुढे शिरपूर, चोपडा, यावल, रावेर असं सातपुड्याच्या पायथ्यानं. जळगाव आणि धुळे शहरांत डोळ्यांचे दवाखाने आहेत, तिथला माणूस रिक्षानं पोचतो. त्याचा नंबर शेवटी आला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. दरवर्षी सगळ्यात जास्त शिबिरं मात्र याच शहरांत भरतात. यंदाच्या हिवाळ्यातली निम्मी शिबिरं घाटापलीकडे न्यावीत आणि ज्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या जोडीनं ती होतील, त्यानं पुढचे बारा महिने तिथल्या आठवडे बाजाराला एक माणूस पाठवायचं आधी लेखी कबूल करावं. कबूल होत नसेल तर फलक छापायला देऊ नये.